शिवसागरावर एक दिवस वल्ह्यांचा : सातारा जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा,
तसेच कोयना प्रकल्पाचे अभियंते आणि पर्यटन विभागाचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही हे आपल्याला ठरवता येईल. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर वर्षातून एक दिवस, मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी सकाळी, सगळी इंजिने बंद ठेवून काठावरच्या गावांची वल्ह्यांची शर्यत भरवावी. गाव विरुद्ध गाव. बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातली गावे. होडी सगळ्यांना सारखी, हात ज्याचे त्याचे.

मी या काठचा. माझ्यासारख्यांची जुनी गावे या पाण्याखाली आहेत, म्हणून पाण्याबद्दल बोलायचा थोडा हक्क धरतो. कोयनेचे धरण १९६४ मध्ये उभे राहिले. खाली वीज तयार होऊ लागली, पाणी सह्याद्री फोडून कोकणात उतरू लागले, महाराष्ट्र उजळला. काहींना सोलापूर-सांगलीकडे जमिनी मिळाल्या, काही ठाणे-रायगडला गेले, काहींच्या फायली अजून टेबलांवर फिरताहेत. जे डोंगरावर सरकून राहिले, त्यांच्यासाठी कालचा गाडीरस्ता आज पाण्याचा रस्ता झाला. शेजारच्या गावाला जायचे तर होडी, बाजाराला होडी, दवाखान्याला होडी. घरटी एक तरी माणूस वल्हे मारू शकत असे, कारण न मारून भागतच नव्हते.

मग लाँच आली, गाड्या पलीकडे नेणारा तराफा आला, आणि ते चांगलेच झाले. बाळंतिणीला वल्ह्यावर नेण्यात काही शौर्य नसते. पुढे पर्यटक आले. वासोटा किल्ल्यावर जाणारी पोरे बामणोलीच्या धक्क्यावर रांगेत उभी राहू लागली, गावोगावी बोट क्लब निघाले, चार पैसे काठावर राहू लागले. २०२४ मध्ये मुनावळ्याला सरकारचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. त्यालाही माझा विरोध नाही. मुंबईला पोती उचलायला गेलेला एखादा माथाडी गावात परत येऊन बोट चालवत असेल, तर त्यापेक्षा मोठे पुनर्वसन कुठले?

पण एक गोष्ट बघा. शनिवार-रविवारी या पाण्यावर जे काही चालते, त्यात आम्ही एक तर चालक असतो किंवा तिकीट फाडणारे. मजा करणारा बाहेरचा, राबणारा इथला. काठावरच्या माणसाने पाण्यावर स्वतःच्या हौसेसाठी उतरायचे असा एकही दिवस वर्षात नाही. बैलगाड्यांची शर्यत आहे, कुस्त्यांचा फड आहे, क्रिकेटचे टेनिस-बॉल सामने तर प्रत्येक माळावर आहेत. ज्या पाण्यापायी आमची शेते गेली, त्याच्यावर खेळ मात्र आमचा नाही. आणि नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीत वाढलेली आमची पोरे सुट्टीला गावी येतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहताही येत नाही. आजोबा पाण्यातून रोज ये-जा करत होते आणि नातू जॅकेट घालून काठावर सेल्फी काढतो.

आता या मागणीवरचा सगळ्यात खरा आक्षेप मीच मांडतो, कारण तो कुणी तरी मांडणार आणि बरोबरच मांडणार. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्याच जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुलींच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली होती. शाळेसाठी त्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडत आणि पलीकडे उतरल्यावर जंगलातून कित्येक किलोमीटर चालत. ही बातमी वाचून अनेकांनी मुलींच्या धाडसाचे कौतुक केले. मला ते कौतुक तेव्हाही टोचले होते. शाळेत जायला धाडस लागत असेल, तर दोष मुलीत शोधायचा नसतो आणि शाबासकीही तिला देऊन मोकळे व्हायचे नसते. तेव्हा कुणी म्हणेल, जिथे पोरींना नाइलाजाने वल्हे मारावे लागले, तिथे तुम्ही वल्ह्याचा उत्सव मागता?

होय, मागतो, पण क्रम पाळून. काठावरच्या प्रत्येक वस्तीतल्या शाळकरी मुलांसाठी वेळेवर सुटणारी, परवाना असलेली, जॅकेटे असलेली लाँच आधी. ती जिथे नाही, तिथले ग्रामस्थ शर्यतीच्या मांडवात आले तर ते भांडायला येतील, आणि त्यांनी यावेच. शर्यतीच्या पहिल्या बैठकीत पहिला विषय हाच ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पण लाँच आली म्हणून वल्हे कायमचे खुंटीला टांगायचे, हे मला पटत नाही. त्या मुलींच्या हातात जे आले आहे, ते शहरातल्या क्लबात पैसे भरून शिकवतात. गरज सरल्यावर त्याचा खेळ झाला, तर त्यात गैर काय?

तसे झालेले एक ठिकाण सगळ्यांना ठाऊक आहे. केरळात अळप्पुळ्याच्या पुन्नमडा तलावावर ऑगस्टमध्ये नेहरू ट्रॉफीची शर्यत होते. तिची सुरुवात १९५२ ची. पंतप्रधान नेहरू कोट्टयमहून जलमार्गाने येणार म्हणून त्यांच्यासमोर सर्पनौकांची शर्यत लावली गेली. नडुभागम् नावाची नौका जिंकली आणि नेहरू सुरक्षेची पर्वा न करता तिच्यात जाऊन बसले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी चांदीच्या नौकेची प्रतिकृती पाठवली. तिच्यावर कोरलेल्या मजकुरात ही शर्यत म्हणजे त्रावणकोर-कोचीनच्या सामूहिक जीवनाचे अनोखे वैशिष्ट्य असल्याचे म्हटले आहे. वेग, ताकद यांच्याआधी त्यांना तिथे गाव दिसले.

आणि गाव आहेच तिथे. सर्पनौका, म्हणजे चुंडन वळ्ळम्, शंभर फुटांच्या पुढे लांब. तिच्यात ऐंशी-शंभर माणसे एका लयीत वल्ही मारतात. एवढी नौका एका माणसाच्या खिशातून होत नाही. गावकरी वर्गणी काढतात, भाग घेतात, सुताराला बसवतात, आणि वर्षभर तिची देखभाल करतात. जिंकली तर नाव नौकेचे आणि गावाचे. वल्हे मारणाऱ्याचे नाव त्याच्या घरापुरते. बायकांच्या वेगळ्या नौका उतरतात. नौकेत तालासाठी गाणी असतात, वंचिपाट्टू म्हणतात त्यांना, आणि ती नुसती शोभेची नसतात. ताल तुटला की दोन वल्ही एकमेकांवर आपटतात आणि नौका तिथल्या तिथे मंदावते.

२०२४ ची अंतिम फेरी मी मोबाइलवर पाहिली. कारिचाल आणि वीयपुरम् या दोन नौका सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर साडेचार मिनिटांत कापून आल्या आणि फरक होता ०.००५ सेकंदांचा. शंभरेक माणसांचे दोन जथे, आणि मध्ये पापणी लवायलाही जागा नाही! अर्थात निकालावरून वाद झाला. व्हायचाच. तिथल्या शर्यतीला इतरही रोग लागले आहेत: पैसा वाढला तशी बाहेरची कसलेली माणसे भाड्याने आणून बसवण्याची चाल पडली, आणि नौकेत बाहेरचे किती असावेत, यावर नियम करायची वेळ आली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे चांगल्या गोष्टीची नक्कल करताना रोगही सोबत आयात होतो. शिवसागरावर पहिल्या वर्षापासून नियम असावा: होडीत बसणाऱ्याचे घर, किंवा निदान घराचा चौथरा, त्या गावात असला पाहिजे. मुंबईकर चालेल. भाडोत्री नको.

केरळपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्याच कृष्णेच्या पात्रात, सांगलीला, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळीकडची मंडळी उतरतात, आणि आयर्विन पुलावर उभे राहायला जागा नसते. ज्या नदीच्या पुराने त्यांची घरे बुडवली, तिच्याच अंगाखांद्यावर ते खेळतात. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरे १९२८ पासून मुळा नदीवर रेगाटा, म्हणजे होड्यांचा मेळा भरवतात; नदीला जलपर्णीने आणि गटारांनी वेढले तरी त्यांनी वल्हे सोडलेले नाही. शिवसागराचे पाणी त्यापुढे आरशासारखे.

दत्तू भोकनळचे नाव आपण ऐकलेच असेल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, ज्या भागात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघतात तिथला, विहिरी खोदून पोट भरणारा पोरगा. सैन्यात गेला, पुण्यात पहिल्यांदा होडीत बसला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात त्याने तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक जिंकले. दुष्काळी गावातला माणूस वीस-बाविसाव्या वर्षी पाणी बघून इतके करतो. मग पाण्यातच जन्मलेल्या पोरांना आपण नुसते लाइफ जॅकेटांचे हिशेब लिहायला का ठेवले आहे? २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे अंतर २००० वरून १५०० मीटरवर येते आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावरचे नौकानयन नव्याने येते आहे. आमच्यातून ऑलिंपिकला कुणी जाईलच असे मी म्हणत नाही. पण सैन्याच्या भरतीला आलेल्या जावळीच्या पोराने ‘मला वल्हे येते’ म्हणून सांगितले, तर त्याचा रस्ता थोडा रुंद होईल.

आता शर्यत कशी असावी, ते सांगतो. ज्यांना यातले कळते त्यांनी दुरुस्त्या कराव्यात.

मूळ प्रश्न होडीचा. प्रत्येक गावाने आपली होडी आणायची म्हटले, तर ज्याच्याकडे पैसा त्याची होडी हलकी, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच संपली. म्हणून एका साच्यातल्या चार-सहा फायबरच्या होड्या प्रशासनाने कराव्यात आणि कुणाला कुठली हे त्याच सकाळी चिठ्ठी टाकून ठरावे. प्रत्येकीत दहा जण आणि मागे सुकाणूवर एक. मी मोकळ्या, छोट्या वल्ह्यांची होडी सुचवतो, खुंटीला अडकवलेल्या लांब वल्ह्यांची नव्हे. लांब वल्ह्याला माणूस पाठमोरा बसतो, तंत्र लागते, महिनाभर सराव लागतो. मोकळ्या वल्ह्याला सगळे तोंड पुढे करून बसतात, समोरची रेषा दिसते, आणि आजवर होडीत न बसलेली बाईही दोन सकाळींत तालावर येते. चीनकडून जगभर गेलेल्या ड्रॅगन बोटीत नेमके असेच असते. तिच्या नाळेवर तर एक ढोलवाला बसतो आणि त्याच्या ठेक्यावर वल्ही पडतात. आमच्या यात्रांत ढोल आणि ढोलवाले, दोन्हींचा तुटवडा नाही.

अंतर पाचशे मीटर पुरे. एवढ्यात दम निघतो, आणि काठावरून सुरुवात-शेवट दोन्ही दिसतात. पुरुष, बायका, शाळकरी मुले-मुली, आणि शेवटी प्रत्येक होडीत अर्धे पुरुष, अर्ध्या बायका. माझा अंदाज असा की गर्दी या शेवटच्याच फेरीला होईल, कारण नवरा-बायकोने एका होडीत बसून एकाच दिशेला वल्हे मारणे हा प्रकार आमच्याकडे अजून कुणी पाहिलेला नाही. एक फेरी जुन्या लाकडी होड्यांची असावी, पन्नाशीपुढच्यांसाठी. त्यात जिंकण्याहरण्याचे फारसे नसेल. पण ज्यांनी या पाण्यावर लाँचच्या आधीची वर्षे काढली, त्यांचे हात कसे चालतात ते नव्या पोरांनी एकदा बघावे.

मार्गशीर्ष का, तेही सांगतो. पावसाळ्यात इथे कुणी पाण्यावर जाऊ नये, आणि आपण जाऊ देतही नाही. आश्विन-कार्तिकात भात उभे असते किंवा खळ्यावर असते. त्या दिवसांत शर्यत लावलीत तर होडीत बसायला फक्त पुढारी मिळतील. चैत्र-वैशाखात यात्रांना मुंबईकर येतात खरे, पण तोवर विजेसाठी पाणी उतरलेले असते, काठाला गुडघाभर चिखल, आणि जुन्या बांधांचे दगड, खोडे वर आलेली. मार्गशीर्षात भात घरात असते, जलाशय भरलेला असतो आणि सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी बारानंतर एकही फेरी ठेवू नये.

वाऱ्याचे हे मी उगाच सांगत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेली शाळकरी मुले आणि त्यांच्या शिक्षिका बुडाल्या. तिथे बोटीत माणसे जास्त होती आणि जॅकेटे कमी. शर्यतीच्या दिवशी जॅकेट न घालणाऱ्याला होडीत पाय ठेवू देऊ नये, मग तो सरपंच असो की आणखी कुणी मोठा. प्रत्येक संघाने आधी पोहण्याची चाचणी द्यावी. सुटकेच्या दोन बोटी इंजिनासह तयार असाव्यात. इंजिनबंदीला एवढाच अपवाद. आणि वारा उठला की शर्यत तिथेच थांबवायचा अधिकार एका माणसाच्या हातात असावा. तो माणूस रोज या पाण्यावर लाँच चालवणारा असावा, व्यासपीठावरचा नसावा.

वन विभागाची काळजी मला समजते. पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे प्रेक्षक जाऊ नयेत, शर्यतीची रेषा पूर्वेच्या काठाला राहावी. धरणाच्या भिंतीकडची सुरक्षेची बंधनेही आम्हाला मान्य आहेत. आम्हाला तिकडे जायचेच नाही. ध्वनिक्षेपक मात्र बंद ठेवावेत. डीजे तर नकोच नको. ढोल चालेल, कारण तो होडीत बसलेल्यांसाठी आहे. काठावर नाचणाऱ्यांनी आपली सोय दुसऱ्या दिवशी पाहावी. रविवारचे बोट क्लबांचे उत्पन्न बुडेल, ही अडचण खरी आहे. म्हणून बंदी दिवसभर नको, पहाटेपासून दुपारी बारापर्यंत. त्यानंतर बोटी सुटाव्यात, आणि शर्यत बघायला आलेली माणसे त्यांत बसतीलच.

एका गोष्टीची मला खरी भीती वाटते, तीही लिहितो. या भागाकडे अलीकडे राज्याचे बरेच लक्ष असते. चांगली गोष्ट आहे, रस्ते-पूल त्यामुळेच होताहेत. पण शर्यतीचा ‘महोत्सव’ झाला, की कमानी लागतात, फलकांवर चेहरे येतात, मुंबईहून गायक येतो, आणि वल्हे मारणारी माणसे दोन तास उन्हात होडीत बसून पाहुण्यांची वाट बघतात. तसे करायचे असेल तर हे पत्र आपण बाजूला ठेवावे. वेळेवर शिट्टी वाजली पाहिजे. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी पुढची फेरी बघावी. बक्षीस रोख नसावे; जिंकलेल्या गावाच्या शाळेला एक होडी आणि पोहणे शिकवणारा एक माणूस वर्षभर द्यावा.

खर्चाचे म्हणाल, तर होड्या एकदाच कराव्या लागतील आणि वर्षभर त्या मुनावळ्याच्या केंद्रात राहू शकतील. एरवी पर्यटकांना भाड्याने द्या, हरकत नाही. फक्त शर्यतीच्या आधीचा महिना त्या गावांना सरावासाठी, फुकट आणि सकाळी, मिळाव्यात.

दिवाळीनंतर लगेच बामणोलीला एक बैठक घ्यावी, साताऱ्याच्या सभागृहात नको. तिला काठावरच्या गावांचे सरपंच, लाँच आणि तराफ्यावरचे कर्मचारी, बोट क्लबवाले, वन खात्याचे वनपाल आणि कांदाटी खोऱ्यातल्या शाळांचे शिक्षक असावेत. वर म्हटल्याप्रमाणे पहिला विषय शाळकरी मुलांच्या लाँचचा. त्याचे वेळापत्रक लेखी मिळाल्यावर दुसरा विषय घ्यावा. पलीकडच्या गावांना परतायला शेवटची लाँच गाठायची असते, तेव्हा बैठक सकाळी अकराला सुरू व्हावी.

कळावे,

आपला,
शिवसागरकाठचा एक रहिवासी
ता. जावळी, जि. सातारा